पंडिता रमाबाई : निराश्रित स्त्रियांच्या हातांना काम देणारी माउली

५ एप्रिल हा पंडिता रमाबाई यांचा स्मृतिदिन. १९२२ साली याच दिवशी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. हा दिवस दरवर्षी उपवासकाळात तरी येतो किंवा पुनरुत्थानकाळात तरी, आणि त्या धांदलीत तो आमच्या धर्मग्रामांतून सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. शिवाय रमाबाई कॅथलिक नव्हत्या. त्यांचा स्नानसंस्कार अँग्लिकन पंथात झाला आणि पुढे त्या कोणत्याच एका पंथाच्या चौकटीत फारशा रमल्या नाहीत. त्यामुळे आमच्या घरांतून संत फ्रान्सिस झेवियर, संत गोन्सालो गार्सिया यांच्या कथा जशा आजीच्या तोंडून ऐकायला मिळतात, तशी रमाबाईंची कथा मिळत नाही. ही उणीव थोडीशी भरून निघावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

रमाबाईंची आठवण आम्हांला झाली ती मनोरीच्या धक्क्यावर. सकाळच्या वेळी तेथे उभे राहिले म्हणजे फेरीबोटीने मार्व्याकडे जाणाऱ्या बायका दिसतात. पूर्वी आमच्या आज्या-पणज्या मासळीच्या व भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन हीच खाडी ओलांडत आणि मालाडचा बाजार गाठत. त्यांना वाट दाखवायला त्यांच्या आया, सासवा, मावश्या होत्या. कोणत्या गिऱ्हाइकाला काय भाव सांगायचा, उधारी कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हे सारे त्या घरातच शिकत. परंतु जी बाई दुष्काळाने, दंगलीने किंवा कर्जाने उखडली जाऊन दूर देशाहून महानगरात येते, तिला ना मावशी असते ना भाषा. तिला एक वेळचे जेवण देणारे पुष्कळ भेटतात. काम शिकवणारे, ते मिळवून देणारे आणि पहिले काही महिने तिच्या पाठीशी उभे राहणारे मात्र क्वचित. रमाबाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी हे काम दोन हजार स्त्रिया व मुलींसाठी केले, आणि तेही स्वतः विधवा, एकाकी आणि कानांनी अधू असताना.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील सह्याद्रीच्या गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे विद्वान. त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकवायला घेतले तेव्हा समाजात गहजब झाला आणि अखेरीस ते कुटुंब रानात जाऊन राहिले. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना घरातील पैसा संपला. त्यांना वेताच्या पेटीत घालून डोंगर उतरवण्यात आले आणि तेथून त्या कुटुंबाची जी भटकंती सुरू झाली ती पुष्कळ वर्षे थांबलीच नाही. तीर्थक्षेत्री मुक्काम करायचा, पुराण सांगायचे आणि मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करायची असा त्यांचा क्रम होता. आईने लेकीला तोंडपाठ संस्कृत शिकवले. पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत रमाबाईंना हजारो श्लोक मुखोद्गत होते.

मग १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. येथे आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण रमाबाईंच्या पुढील साऱ्या कार्याचे मूळ या दोन-तीन वर्षांत आहे.

घरात विद्या भरपूर होती, पण तिच्या बळावर धान्य मिळेना. मजुरी करणे कुलीनांना शोभत नाही आणि भीक मागणे अभिमानाला रुचत नाही, अशा पेचात ते कुटुंब अडकले. पोट भरण्याचा एकही व्यावहारिक धंदा त्यांना येत नव्हता, याची खंत रमाबाईंनी पुढे आपल्या आठवणींत अगदी मोकळेपणाने लिहून ठेवली आहे. दागिने, भांडी, वस्त्रे विकली गेली. नंतर रानातली पाने खाऊन दिवस काढले. वडील गेले. आई शेवटच्या आजारात असताना तिच्यासाठी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला रमाबाई शेजारच्या घरी गेल्या, तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. भाकरी मिळाली, पण आईला ती खाववली नाही. आईच्या तिरडीला खांदा द्यायला चौघे मिळाले नाहीत. दोन परके ब्राह्मण आणि भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर चौथ्या रमाबाई झाल्या. उंची कमी असल्यामुळे त्यांनी तिरडीचा दांडा डोक्यावर घेतला. त्यानंतर थोरली बहीणही गेली.

उरलेली दोन भावंडे हिंदुस्थानभर पायी फिरली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीपासून जीव वाचवण्यासाठी त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि मानेपर्यंत वाळू अंगावर ओढून रात्र काढली. निर्वासित हा शब्द आज आपण वर्तमानपत्रात वाचतो व पान उलटतो. या बाईने तो अंगावर वागवला होता.

१८७८ साली भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. भाऊ १८८० मध्ये वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मेधावी ब्राह्मण नव्हते, त्यामुळे हा विवाह दोन्हीकडच्या नातलगांना मान्य झाला नाही. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत मेधावी पटकीने गेले. तेविसाव्या वर्षी, कडेवर तान्हे मूल घेऊन, रमाबाई पुण्यात आल्या.

पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या मंडळींनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाजाची स्थापना झाली. हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी मुलींसाठी स्त्री शिक्षिका हव्यात, स्त्री तपासनीस हव्यात आणि स्त्रियांना वैद्यकाचे शिक्षण मिळाले पाहिजे, असे आग्रहाने मांडले. यात स्त्रियांच्या शिक्षणाइतकाच स्त्रियांच्या नोकरीचाही विचार होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. स्वतः वैद्यक शिकावे म्हणून १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाटखर्चाला त्यांच्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीचा आधार झाला.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या. या भगिनी लंडनच्या फुलम भागात एक आश्रयगृह चालवीत. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे मायेने ठेवून घेत आणि कामाला लावीत. रमाबाई ते पाहायला गेल्या आणि थक्क झाल्या. त्यांच्या अनुभवात अशा स्त्रीला समाजाकडून दगड मिळत असे. या भगिनींना असे वागण्याची प्रेरणा कोठून मिळते, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांना संत योहानच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय, म्हणजे विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीचा प्रसंग, दाखवण्यात आला. फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्या पत्रांनीही त्यांच्या मनातील शंकांचे निरसन केले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी, म्हणजे महादूतांच्या सणाच्या दिवशी, रमाबाई व मनोरमा यांचा स्नानसंस्कार झाला.

त्याच सुमारास त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने परदेशात आत्महत्या केली. या आघाताची नोंद चरित्रकार दोन ओळींत उरकतात. परमुलखात आलेल्या दोन तरुण स्त्रियांपैकी एक तगली आणि एक तगली नाही. आमच्या मते यावर अधिक विचार व्हायला हवा.

कान बिघडत चालल्यामुळे वैद्यकाचा मार्ग बंद झाला. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि डोरोथिया बील यांच्या मार्गदर्शनाखाली स्वतःचे शिक्षणही पुढे नेले. येथे त्यांच्या आणि सिस्टर जेराल्डीन यांच्यातील मतभेदांचा उल्लेख करणे भाग आहे. सिस्टर जेराल्डीन त्यांच्या अध्यात्मातील धर्ममाता होत्या. त्यांचे प्रेम खरे होते, परंतु शिष्येने मुकाट्याने ऐकावे अशी त्यांची अपेक्षा असे. रमाबाईंनी श्रद्धेच्या बाबतीत आपल्या विवेकबुद्धीचा हक्क सोडला नाही. दोघींचा पत्रव्यवहार पुढे १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तो वाचताना मदत करणारी व्यक्ती मदत घेणारीवर नकळत किती हक्क सांगू लागते, हे दिसून येते. सेवाकार्यात असलेल्या आम्हां सर्वांना तो अस्वस्थ करणारा आहे.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि सुमारे तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. तेथे स्त्रिया शिक्षिका, लेखनिक, परिचारिका, दुकानदार म्हणून स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या त्यांनी पाहिल्या. त्या देशावर त्यांनी मराठीत एक सविस्तर ग्रंथ लिहिला. बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले. उच्चवर्णीय हिंदू विधवांच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. दहा वर्षे खर्च चालवण्याची हमी तिने घेतली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. जाता जाता एक योगायोग सांगण्यासारखा आहे. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला मदर फ्रान्सिस झेवियर काब्रिनी सहा धर्मभगिनींसह न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या. त्यांना चीनला जायचे होते. पोप तेरावे लिओ यांनी त्यांना पूर्वेऐवजी पश्चिमेला, इटलीहून अमेरिकेत गेलेल्या गरीब देशांतरितांकडे पाठवले. आज ख्रिस्तसभा त्यांना देशांतरितांची आश्रयदाती संत मानते. दोघींची भेट झाली नाही. परंतु एकाच महिन्यात जगाच्या दोन टोकांना दोन स्त्रियांनी जवळपास एकच काम हाती घेतले.

शारदा सदनात पहिल्यांदा आलेल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई जोशी या कोकणातील बालविधवा होत्या. तेथे त्या शिकल्या. पुढे १८९३ मध्ये त्यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. बाया कर्वे या नावाने त्यांनी कर्व्यांच्या आश्रमासाठी घरोघर फिरून निधी जमवला. त्यांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही विधवा. त्याही त्याच आश्रमाच्या कार्यकर्त्या झाल्या, आणि इंग्रजी शिकण्यासाठी व आश्रमाच्या कामासाठी अमेरिकेत गेल्या, तेव्हा तेथे घरकाम करून त्यांनी आपला चरितार्थ चालवला. एका स्त्रीला दिलेला हात असा किती दूर पोहोचतो, याचा हिशेब कोणत्याही अहवालात सापडत नाही.

१८९० मध्ये सदन पुण्यास हलले. मात्र तेथे वादळ उठले. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळायची असे ठरले होते. मुलींना स्वयंपाक, व्रतवैकल्ये आपापल्या रीतीने करण्याची मुभा होती. परंतु रमाबाई आपल्या खोलीत उघड्या दाराने प्रार्थना करीत आणि काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले.

या वादात एकच बाजू पूर्णपणे बरोबर होती असे म्हणणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. रमाबाईंनी कोणावर बळजबरी केल्याचा पुरावा नाही. तरीही निराधार मुलगी जिच्या घरी राहते, जिचे अन्न खाते, तिच्या श्रद्धेचे वजन तिच्या मनावर पडणारच. सल्लागारांची भीती अगदीच निराधार नव्हती. दुसऱ्या बाजूने, टीकाकारांपैकी किती जणांनी त्या परत नेलेल्या मुलींच्या शिक्षणाची सोय केली, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

या काळात रमाबाईंनी पुणे–सोलापूर लोहमार्गावर, दौंडच्या अलीकडे केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळझाडे लावावीत, फळे विकावीत आणि परदेशी मदत थांबली तरी सदन चालावे, असा त्यांचा बेत होता. विहिरी खणल्या गेल्या, रोपे लागली. इतक्यात १८९६–९७ चा दुष्काळ आला.

मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या, तेव्हा रमाबाईंना झोप लागेना. स्वतःच्या आईबापांचे दिवस डोळ्यांपुढे उभे राहिले. त्या तिकडे गेल्या आणि त्यांनी दुष्काळी छावण्या पाहिल्या. उपासमार तर होतीच, पण एकट्या पडलेल्या तरुण मुलींना छावणीतही सुरक्षितता नव्हती. दलाल टपलेले असत आणि ज्यांनी रक्षण करायचे त्यांच्यापैकीही काही जण त्यांचा गैरफायदा घेत. रमाबाईंनी सुमारे तीनशे स्त्रिया व मुलींना बरोबर आणायचे ठरवले. हाती पुरेसा पैसा नव्हता.

त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ होती. ही साथ आमच्या मुंबईच्या लोकांना सांगायला नको. अनेक गावठाणांत त्या दिवसांत उभारलेले क्रूस आजही रस्त्याकडेला उभे आहेत. अधिकाऱ्यांनी पुण्याच्या सदनात अधिक माणसे ठेवण्यास मनाई केली. त्यामुळे नव्याने आलेल्या स्त्रियांना केडगावच्या शेतावर नेण्यात आले. आधी तंबू व झोपड्या, नंतर पक्क्या इमारती. हेच मुक्ती सदन. प्लेगच्या बंदोबस्तात सरकारी इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल रमाबाईंनी १८९७ मध्ये वर्तमानपत्रातून उघड तक्रार केली आणि सरकारचा रोष ओढवून घेतला. आधी स्वकीय रागावले होते, आता राज्यकर्ते.

१९०० साली गुजरातेतील दुष्काळपीडित आल्या, तेव्हा केडगावची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. ही संख्या उच्चारायला सोपी आहे. प्रत्यक्षात त्यातील कित्येक जणी हाडांचा सापळा होऊन आलेल्या, अंगावर फोड, डोक्यात उवा, मनात संशय. काही जणी पोहोचल्यावरही वाचल्या नाहीत. कोणी हिंदी बोले, कोणी गुजराती. मराठी मुलखात त्या परक्याच होत्या. एकटी रमाबाई त्या सर्वांकडे कशी पाहणार?

येथे त्यांच्या योजकतेचा खरा प्रत्यय येतो. शारदा सदनात शिकून तयार झालेल्या मुलींना त्यांनी नव्या मुलींच्या गटांवर नेमले. काल जी स्वतः डोके भादरून दारात आली होती, ती आज दहा-वीस जणींची ताई झाली. आंघोळ घालणे, केस विंचरणे, रात्री दचकून उठणारीला जवळ घेणे येथपासून अक्षरे गिरवून घेणे येथपर्यंत सारे तिच्याकडे असे. नव्या मुलीला आपल्यासारखीच दुःख भोगलेली बाई समोर दिसे, त्यामुळे तिचा धीर वाढे. पगारी अधिकारी नेमून हे साधले असते असे आम्हांला वाटत नाही.

दिवसाचा काही भाग शाळेसाठी आणि काही कामासाठी असे. शेती, गाईगुरे व दूधदुभते, तेलाचा घाणा, हातमाग, शिवणकाम, धुलाई, स्वयंपाक, आणि पुढे छापखाना. जिला अभ्यासात गती ती शिक्षिकेच्या शिक्षणाकडे जाई. जिला शुश्रूषेची आवड ती आजाऱ्यांच्या सेवेत. जिला अक्षर लागत नसे तिच्यासाठी माग होता, शेत होते. अंध स्त्रियांसाठी बार्तिमी सदन होते. येशूने दृष्टी दिलेल्या यरीहोच्या आंधळ्या बार्तिमयावरून त्याचे नाव ठेवले होते. तेथे ब्रेल लिपी शिकवली जाई आणि टोपल्या विणण्यासारखी हस्तकला. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन. फुलमच्या आश्रयगृहात जे पाहिले होते ते कृपा सदनात उतरले, असे म्हणता येईल.

या सर्व कामांकडे पाहताना आम्हांला पुन्हा पुन्हा तो १८७४ चा दुष्काळ आठवतो. हजारो श्लोक पाठ असलेल्या कुटुंबाला एक धंदा येत नव्हता. केडगावात श्लोकाइतकेच महत्त्व घाण्याला मिळाले. ब्राह्मण विधवा आणि खालच्या मानलेल्या जातीतील मुलगी एकाच मागावर बसल्या. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. शारदा सदनात जातीचे सोवळेओवळे सांभाळणाऱ्या रमाबाईंनाही येथवर यायला काही वर्षे लागली होती.

मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. तेथे आलेल्या बहुसंख्य मुलींनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली. १९०५ मध्ये तेथे मोठे प्रार्थना-जागरण झाले आणि त्याची वार्ता परदेशांतही गेली. शारदा सदनाबाबत वर जो प्रश्न आम्ही मांडला तो येथेही उरतोच, आणि तो टाळू नये. एवढे मात्र नमूद केले पाहिजे की त्या मुलींना परत न्यायला येणारे फारसे कोणी उरले नव्हते.

मनोरमा अमेरिकेत शिकून आईच्या मदतीस परतली होती. शाळेचा कारभार, पत्रव्यवहार, अंधांचे काम, गुलबर्ग्याची नवी शाळा असे पुष्कळसे ओझे तिच्या खांद्यावर होते. आईची वारस म्हणून सर्वजण तिच्याकडे पाहत. १९२१ च्या जुलैमध्ये, चाळिशीतच, ती गेली. माता, पिता, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक लेक. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत.

त्या नऊ महिन्यांत त्या एका कामात गढून गेल्या होत्या. खेड्यातील अर्धशिक्षित बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल आणावे, म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून घेतले होते आणि सुमारे सतरा-अठरा वर्षे भाषांतर चालवले होते. छपाई केडगावच्याच छापखान्यात व्हायची होती. खिळे जुळवणाऱ्या, कागद घालणाऱ्या, घड्या पाडणाऱ्या सर्व जणी मुक्ती सदनातील स्त्रिया. लहानपणी अन्नावाचून तडफडत आलेल्या मुली आता बोटांनी हिब्रू अक्षरांचे खिळे ओळखत होत्या. ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे रमाबाई झोपेतच गेल्या, तेव्हा भाषांतराचे काम हातावेगळे झाले होते. त्या बायकांनी उरलेली पाने जुळवली, आणि १९२४ साली ग्रंथ बाहेर पडला.